बाबांचा पहिला शब्द

३ जून

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तुझे पत्र पोचले. बाबांच्या पायाची सूज उतरली हे वाचून बरे वाटले. कुशीवर निजवताना पाठीला उशी लावतेस ना? लावतेसच, हे मला माहीत आहे. तरी विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तुला माहीत आहे.

दुकानात चौकटींचे काम खूप आले आहे. परवा एका जुन्या फोटोची काच दोन्ही बाजूंनी पुसली, उजेडात तिरपी धरून पाहिली, मागचा पुठ्ठा ठोकला, कडेने कागदी पट्टी चिकटवली, आणि चौकट सुलट करून पाहतो तर आत एक केस! कोणाच्या तरी आजोबांच्या कपाळावर आडवा. मालक म्हणाले की गिऱ्हाईक आजोबांना बघेल, केसाला नाही. मी सगळे पुन्हा उघडले. मालक आता मला डॉक्टर म्हणतात, कारण मी चिमटा घेऊन चौकटीवर वाकलेला असतो.

तू विचारलेस की दर पत्रात येणाऱ्या या बटणवाल्या आजी कोण. त्यांचे बटणे आणि दोरे विकण्याचे दुकान होते, आता बंद आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत आहे. उपासना संपली की ज्याची जी विनंती असेल ती त्याने उभे राहून सांगायची, आणि दुसऱ्या कोणी तरी ती उचलायची. उचलली, की उत्तर येईपर्यंत रोज तिच्यासाठी प्रार्थना करणे त्या माणसाकडे. झटक्याने गेलेली बाबांची वाचा परत यावी, हे मी इथे आलो त्या पहिल्याच रविवारी सांगितले, आणि मी खाली बसायच्या आत आजींनी हात वर केला होता.

त्यानंतर कितीतरी विनंत्या उचलल्या गेल्या आणि उतरल्याही. टायरवाल्यांच्या मुलाला नोकरी लागली. पाळकबाईंच्या बहिणीची गाठ साधी निघाली. उत्तर आले की सांगणारा उभा राहतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि उचलणारा मोकळा होतो. आपलीच तेवढी तशीच पडून आहे.

दर रविवारी बाहेर पडताना आजी दारात माझ्या पायांसमोर काठी आडवी धरतात आणि विचारतात की काही बातमी आहे का. मी नाही म्हणून मान हलवतो. त्या बरं म्हणतात आणि काठी काढून घेतात. ताई, मला त्या ‘बरं’ची फार लाज वाटते. इतकी माणसे मागून, मिळवून, टाळ्या घेऊन घरी गेली, आणि मी एका म्हाताऱ्या बाईला नुसते राबवतो आहे असे वाटते. हल्ली मी मागच्या जिन्याने, सायकली ठेवतात तिथून निसटतो.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन आहे. वय पाहून डॉक्टरांनी खात्री दिलेली नाही. म्हणून विचारतो: बाबा खरेच काही म्हणाले नाहीत का? शब्द नको, शब्दासारखे काही? पाणी मागताना ओठ तरी हलतात का? लगेच लिही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बारक्या

९ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

नाही. काहीच नाही. हे पहिल्या ओळीतच लिहून टाकते, म्हणजे तू उडी मारून शेवट वाचायला जाणार नाहीस.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत आणि मी मशीनवर. शाळेच्या गणवेशाच्या पँटींचा ढीग आहे, तो संपवते आहे. पायपट्टी दुमडायची, शिवायची, फेकायची. मध्येच वर बघते तर ते माझ्याकडे बघत असतात. ज्या माणसाने गोदामाच्या आवारात एक हाक दिली की ट्रकवाले ब्रेक दाबायचे, तो मुकादम आता खालच्या चष्मेवाल्यांचा फोन वाजला तरी दचकतो.

तुला एक सांगू का? मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय. मला ‘फौजदार’ म्हणायचे ते आठवतं, कशावरून म्हणायचे तेही आठवतं, तू काचेची बरणी फोडलीस आणि मी तुझी जबानी घेतली होती. पण ती हाक कानात येत नाही. तोंड दिसतं आणि आवाज नाही.

तुझ्या आजींना माझा नमस्कार सांग. त्या अजून मागताहेत हे ऐकून मीच खजील झाले, कारण मी कधीच सोडलंय. पाळकांना सांगू नकोस. मनाशी म्हटलं, तिकडे एवढी माणसं एकाच कामाला लागली आहेत, तर इथून आणखी अर्ज कशाला. खरं कारण निराळं आहे. बाबांच्या देखत डोळे मिटून बाबांच्या तोंडाबद्दल बोलायचं म्हणजे चारचौघांत त्यांचं व्यंग काढल्यासारखं वाटतं. आणि त्यांच्यामागे जाऊन बोलायला या दोन खोल्यांत जागा कुठे आहे?

जेवत जा. चिमटा खिशात ठेवून फिरू नकोस, टोचेल.

माया कमी झाली असं समजू नकोस, वेळ कमी झालाय.

तुझी,
ताई

१७ जून

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

घाईत लिहितो आहे. आजींचे ऑपरेशन नीट झाले. देवाची कृपा.

एक काम आहे, पण कारण विचारू नकोस. अडीअडचणीसाठी म्हणून मी चष्मेवाल्यांचा नंबर इथे मंडळीत देऊन ठेवला आहे. इथून कोणाचा फोन आला, तर बाबा झोपले आहेत असे सांग. नाही, तसे सांगू नकोस, ते खोटे होईल. तू फोनवर जाऊच नकोस. चष्मेवालीण बाई बोलवायला आल्या तर हातात काम आहे म्हण, ते खरेच असते.

मी सविस्तर लिहीन. मला जरा वेळ दे.

लोभ असेल तेवढा असू दे.

बारक्या

२० जून

चि. बारक्या,

तुझं पत्र आज दुपारी आलं. फोन काल सकाळीच येऊन गेला.

मी गेले. मला वाटलं, तुलाच काही झालं. चष्मेवालीण समोर बसून एकच काच पुसत होती, कान माझ्याकडे. पलीकडे तुझ्या आजी होत्या, वॉर्डातून. आवाज कसा, लग्नघरातल्यासारखा. म्हणाल्या की बाबांच्या तोंडून पहिला शब्द ‘बारक्या’ निघाला हे ऐकलं आणि मी निर्धास्त ऑपरेशनला गेले. आणि म्हणाल्या की आता बाबांच्या हातात फोन दे, एक शब्द ऐकते, मग माझं काही मागणं नाही.

मी सांगितलं की ते झोपलेत. म्हणजे तू पत्रात सांगून मागे घेतलंस तेच मी पत्र यायच्या आधीच करून मोकळी झाले. खोटं बोलायला आपल्याला एकमेकांची शिकवणी लागत नाही.

आता पुढचं नीट वाच. जिना चढताना मी त्यावर विश्वास ठेवला. तू असं खोटं बोलशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, मी दुकानात पँटी पोचवायला गेले असताना तुझा फोन आला असेल, चष्मेवाल्याने बाबांना धरून नेलं असेल, आणि ते तुझ्याशी बोलले असतील. तुझ्याशी. मी वर आले, त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि म्हणाले की बोला. बारक्याशी बोललात ना, मग माझ्याशी बोला. ते बघत राहिले. मी ओरडले. मी त्यांना कुशीवर वळवते, त्यांची नखं कापते, आणि शब्द मात्र त्याचा का, असं विचारलं. खांदा धरून हलवलं. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हा मला कळलं की ते बोललेले नाहीत.

खोटं का बोललास हे विचारत नाही. शब्द स्वतःचा का घातलास? खोटंच सांगायचं होतं तर ‘पाणी’ म्हणाले असं सांगायचं. माझं नाव घालायचंस, तुझं काय गेलं असतं?

आणि लाजिरवाणी गोष्ट ही, की मला सगळ्यात जास्त राग त्या शब्दाचाच आला.

खाली लोभाचं काही लिहीत नाही.

ताई

२५ जून

ती. ताईस,
सलाम लिहायलाही धीर होत नाही, तरी लिहितो.

तुझे पत्र मी दुकानात वाचले. मग चार चौकटी चुकीच्या कोनात कापल्या. मालकांनी विचारले की घरी सगळे ठीक आहे ना, आणि मी हो म्हणालो. बघ, अजून थांबत नाही मी.

काय झाले ते सांगतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी आजींना भेटायला गेलो. त्यांना हिरवा झगा घातला होता, कवळी काढून पेल्यात ठेवली होती, त्यामुळे गाल आत गेले होते. मी ओळखलेच नाही, पुढच्या पलंगाकडे निघालो होतो. काठी नव्हती, म्हणून त्यांनी बोट आडवे केले आणि विचारले की काही बातमी. आणि मी मान हलवली. नेहमीसारखी आडवी नाही, उभी.

एवढेच झाले, ताई. मान उभी हलली. मग त्यांनी विचारले की काय म्हणाले, आणि माझ्या तोंडून माझेच नाव निघाले. विचार करून घातले नाही. विचार केला असता तर तुझे घातले असते, किंवा पाणी. कोणी विचारेल म्हणून आत कितीतरी वर्षे तयार बसल्यासारखे ते बाहेर आले. हे लिहिताना कानशिले तापली आहेत.

मनाशी म्हटले, जाणाऱ्या माणसाला आनंद दिला. पण त्या गेल्या नाहीत, बऱ्या झाल्या. आणि आता तर खरे कळते आहे की मला त्यांना आनंद द्यायचा नव्हता. मला त्या प्रश्नातून सुटायचे होते. देवाने उत्तर दिले नाही याची मलाच लाज वाटत होती, म्हणून मी त्याच्या वतीने देऊन टाकले.

रविवारी पाळकांनी आजींकडून कळलेले सगळ्यांसमोर सांगितले. टाळ्या वाजल्या. टायरवाल्यांनी मला मिठी मारली, त्यांच्या शर्टाचा रबराचा वास अजून येतो आहे. मी हात जोडले.

काल मी आजींना खरे सांगायला गेलो. त्या नर्सबाईंना आपल्या बाबांचीच गोष्ट सांगत होत्या. मी बसलो. त्यांच्यासाठी संत्रे सोलले, प्रत्येक फोडीवरचा पांढरा दोरा न् दोरा काढला, फोडी ओळीने मांडल्या, आणि उठून आलो.

तू काय म्हणशील ते मी करीन.

लोभाबद्दल लिहायचा हक्क उरलेला नाही.

बारक्या

२९ जून

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

संत्र्याचे दोरे काढून पापाचा निकाल लागत नाही.

मी बाबांची माफी मागितली. त्यांनी ऐकलं की नाही कळत नाही. खिडकीकडे तोंड करून बसतात. भात भरवला तर खातात, माझ्याकडे बघत नाहीत.

मी शिवता शिवता एक हिशेब केला. तुझ्या आजी मोकळ्या झाल्या, कारण उत्तर आलं. तुमच्या मंडळीने टाळ्या वाजवून विषय मिटवला. तू स्वतः तर पहिल्याच दिवशी आजींवर टाकून निवांत झाला होतास, आणि मी कधीच सोडलंय. म्हणजे आज या घडीला बाबांसाठी कोणीसुद्धा मागत नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं. मिळालं नव्हतं ते ठीक होतं रे. निदान दारात कोणीतरी उभं होतं.

जा आणि सांग. बसू नकोस, उभ्यानेच सांग.

राग आहे, पण तो तुझ्यावर आहे, परक्यावर नाही, एवढं ध्यानात ठेव.

ताई

७ जुलै

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

सांगितले. आधी आजींना, मग रविवारी सगळ्यांना.

आजी आता घरी आल्या आहेत. खोलीत अजून बटणांचे डबे रचलेले आहेत. मी दारात उभा राहूनच सांगितले, तू म्हणालीस तसे. मान हलवली तिथपासून फोनपर्यंत, आणि तू बाबांवर ओरडलीस तेही, कारण ते माझ्यामुळे झाले. आजींनी विचारले की हे कोणत्या दिवशीचे. मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचे म्हणालो. त्या बोटांवर काहीतरी मोजू लागल्या, आणि मला वाटले माझा खोटेपणा किती जुना ते मोजताहेत. पण त्या म्हणाल्या की म्हणजे इतके दिवस मी त्या माणसाला उघड्यावर टाकला. ताई, त्यांना माझ्याहून बाबांचे जास्त लागले.

मग त्या चिडल्या. अशा चिडल्या की कवळी सुटायला आली. म्हणाल्या की मी तुला कधी सांगितले की मी थकले? मी बातमी विचारायची ती वसुलीला नव्हे. ज्याच्यासाठी रोज बोलायचे तो कसा आहे हे नको का कळायला? तू आपला दर वेळी मुंडी हलवून पळायचास, पाय सुजलेत की उतरलेत एवढेही सांगितले नाहीस. आणि मरायला टेकलेल्या बाईला काहीही सांगून चालते असे तुला वाटले, त्याबद्दल मी तुझ्याशी बोलणार नाही. मी विनंतीचे काय असे विचारले. त्या म्हणाल्या की ती तुझी नाही, तुझ्या बापाची आहे. तुझ्याशी बोलणार नाही, त्याच्यासाठी बोलेन. आणि दार लाव म्हणाल्या, बाहेरून.

रविवारी उभा राहिलो तेव्हा सगळे हसून बघत होते, कारण मागच्या वेळी मी आनंदाची बातमी आणली होती. मी काय सांगायचे ते घरी पाठ करून गेलो होतो. पाठ केलेले एक वाक्य आले, पुढचे आले नाही. म्हणून सरळ म्हणालो की बाबा बोललेले नाहीत, मी खोटे सांगितले. मागे कोणीतरी हसले, त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. मग कोणीच हसले नाही. पाळकबाई आपल्या पर्समध्ये काही शोधू लागल्या. चेहरा इतका जळत होता की मी खिडकीच्या काचेवरच्या बोटांच्या ठशांकडे बघत उभा राहिलो.

पाळक रागावतील असे वाटले होते. त्यांनी विचारले की आता काय मागायचे आहे. मी म्हणालो की तेच. ते म्हणाले की मग माग, आम्ही ऐकतो. ताई, मी आजवर चारचौघांत मोठ्याने प्रार्थना केलेली नाही. शाळा अर्धी सुटलेली, बोलताना व्याकरण चुकेल ही भीती, म्हणून नेहमी दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणत आलो. काय म्हणालो ते धड आठवत नाही. बाबा बोलत नाहीत, ताई तिथे एकटी आहे आणि मी इथे, आम्ही अजून दाराशीच आहोत, असे काहीतरी. वाक्ये एकमेकांत अडकली. शेवटी आमेन म्हणायचे राहिले, ते टायरवाले म्हणाले.

टाळ्या अर्थातच नव्हत्या. पण जिन्यावर टायरवाल्यांनी मला भिंतीशी गाठले. हळू आवाजात म्हणाले की पोराची ती नोकरी महिन्याभरातच सुटली. एकदा टाळ्या घेतल्यावर पुन्हा कोणत्या तोंडाने मागायचे, म्हणून गप्प होते. घरात पोरगा भिंतीकडे तोंड करून निजून असतो. पुढच्या रविवारी ते उभे राहणार आहेत. मला शेजारी बसायला सांगितले आहे.

पायांची सूज, झोप, भूक, सगळे मला नीट लिहून कळव. आजींच्या दाराखालून चिठ्ठी सरकवीन. बोलत नसल्या तरी वाचतील.

बाबांनी माझ्याकडून काय ऐकावे हे मला कळत नाही. त्यांना माझा सलाम सांगशील का? नसेल सांगवत तर राहू दे.

लोभ मागत नाही, पण मिळाला तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
बारक्या

१४ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

सूज नाही. झोप तुटक. भूक बरी. आजींना कळव, आणि त्यांना म्हणावं, बारीक शर्टबटणं असतील तर ठेवा, मी विकत घेईन.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. सगळं. गाळावं असं वाटलं होतं, पण पुष्कळ गाळून झालंय आपलं. तू खोटं सांगितलंस ते वाचलं तेव्हा ते माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तू मोठ्याने मागितलंस तिथपर्यंत मी आले आणि त्यांनी डावा हात उचलून पत्रावर ठेवला, म्हणजे पुढे वाचता येईना. मला वाटलं, त्यांना आवडलं नाही. चारचौघांत व्यंग काढलं, तेच.

मी विचारलं की राग आला का. हात तसाच. विचारलं की परत वाचू का. हात तसाच. मग काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं की आपण मागायचं का, आत्ता, इथे. हात निघाला.

बारक्या, त्यांच्यासाठी आपण इतकी वर्षं मागतोय, आणि त्यांना हवंय का, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी मशीनवरची पँट खाली ठेवली आणि खुर्चीशेजारी बसले. सवय गेलेली. एवढंच म्हटलं की यांना बोलायचं आहे, यांना बोलू दे. आणि आमेन म्हणून उठायला लागले, कारण त्यापुढे मला लाज वाटायला लागली. तर त्यांनी माझी बाही धरली आणि ओढली. मी खाली बसले. काय हवंय कळेना. पाणी नको, उशी नको. शेवटी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. म्हणून झालं, मी थांबले, की परत बाही.

आता रोज असंच चाललंय. मी दमते, मला तेच तेच बोलून शरम वाटते, वाटतं की वर ऐकणाराही कंटाळला असेल. त्यांना मात्र काही वाटत नाही. थांबले की ओढतात. गोदामातही असेच होते, आठवतंय? ट्रक लागेपर्यंत दारातून हलायचे नाहीत.

शब्द अजून आलेला नाही. तुझाही नाही, माझाही नाही. आलाच तर कोणाचा येईल यावर मी आता भांडणार नाही असं म्हणवत नाही, पण थोडं कमी भांडेन.

मालकांकडून रजा काढ आणि ये. माझ्या बाहीची शिवण उसवत आली आहे. थोडे दिवस तुझी ओढू देत.

रागही आहे, लोभही आहे. दोन्ही तुझेच, येऊन घेऊन जा.

तुझी,
ताई